रेडिओवाल्यांचं पहिलं वाक्य
रेडिओवाले जन्मभर कोपऱ्यावरच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत बसले आणि घरी बायकोची टकळी ऐकत राहिले. बायको म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनी. मग पक्षाघाताचा झटका आला. हातपाय गेले, वाचाही गेली. हूं की चूं न करणाऱ्या माणसाशी बोलणार तरी किती? हळूहळू वहिनींच्याही तोंडाला कुलूप लागलं. नवऱ्याला करमावं म्हणून त्या दिवसभर त्याच्या उशाशी रेडिओ लावून ठेवायच्या.

यंदा डॉक्टरांनी रेडिओवाल्यांच्या मेंदूत इवलंसं यंत्र बसवलं. मनात बोललं, की शब्द पडद्यावर उमटायचे. बरेच दिवस सराव झाला आणि आज पहिलं वाक्य आलं: ‘तो रेडिओ बंद कर.’

लेक खो खो हसत सुटली. वहिनींचा मात्र पारा चढला.

“जन्मभर त्याच्याच जिवावर घर चालवलंत, आणि आता कान किटले होय? मी मेली आपली सेल बदलत बसलेय!”

त्यांनी फणकाऱ्यानं रेडिओ बंद केला. खोली एकदम शांत झाली. पडद्यावर सावकाश पुढचे शब्द उमटले:

‘आता तू बोल.’