रोज सकाळी पडणारा खटका

गोम्बोसुरेनने बावीस वर्षं तालुक्याच्या डिझेल इंजिनाची सेवा केली. इंजिन भंगारात गेलं, हा मात्र उरला. आता मोटरसायकलला मीटर, पकड आणि वाळवलेल्या मटणाची पिशवी बांधून गोबीच्या वाळवंटभर सोलर पॅनेलं दुरुस्त करत फिरतो. काच उन्हात धरली की वीज निघते, हे त्याला अजून पुरतं पटलेलं नाही. इंजिनाला निदान धूर तरी होता. प्रत्येक पॅनेलसमोर तो आधी टोपी काढतो. लोकांना वाटतं, घाम पुसतोय.

त्या महिन्यात यांजमाआजीकडे त्याची ही तिसरी खेप. आजीच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तंबूबाहेर सहा पॅनेलं एकामागे एक जोडून दक्षिणेकडे तोंड करून मांडलेली. रोज सकाळी ऊन चढलं की तंबूतल्या इन्व्हर्टरचा खटका पडायचा आणि ते यंत्र सांगायचं, वीज जमिनीत गळतेय. आजी तो वर करायची, तो पुन्हा पडायचा; दुपारी कुठे टिकायचा. रात्रभर फ्रिज चालवून दमलेली बॅटरी तोवर संपलेली असायची, म्हणजे दुपारपर्यंत फ्रिज बंद. आणि फ्रिजमध्ये तिच्या नवऱ्याचं, चोइजिलआजोबांचं इन्सुलिन. बाहेर अडतीस अंश. दोन कुप्या तापून वाया गेल्या होत्या, तीन उरल्या होत्या, आणि नवी पेटी महिनाअखेरीशिवाय येणार नव्हती.

पहिल्या खेपेला गोम्बोने फ्रिजवर संशय घेतला, दुसऱ्या खेपेला तारा चावणाऱ्या शेळ्यांवर. दोन्ही वेळा तो दुपारी पोचला होता आणि सगळं कोरडं, ठणठणीत.

"आजार येतो सकाळी आणि वैद्य येतो जेवायला," आजी म्हणाली.

म्हणून या वेळी तो मुक्कामालाच राहिला.

सकाळी खटका पडला. गोम्बोने घराकडच्या सगळ्या तारा सोडवल्या, तरी यंत्राची तक्रार तीच. म्हणजे गळती पॅनेलांकडे. मग तिकडून आलेल्या दोन्ही तारा यंत्रापासून सुट्या करून त्याने एकेकीचं जमिनीशी माप घेतलं. एकीचे एकशे साठ व्होल्ट, दुसरीचे ऐंशी. एक पॅनेल चाळीसचं. म्हणजे दुसऱ्या तारेकडून दोन पॅनेलं ओलांडली की तिसऱ्याच्या अलीकडचा जोड. तीस पावलांवर काय बिघडलंय, ते तंबूत मांडी घालून बसलेल्या माणसाला तारेने सांगितलं होतं. इंजिनाने बावीस वर्षांत खोकण्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. गोम्बोने मीटरसमोरही टोपी काढली.

बाहेर जाऊन त्याने वीज थांबवायला पॅनेलांवर नमदे टाकून ऊन अडवलं आणि तो जोड उघडला. टोपण तडकलेलं, आत पांढरा थर, वर ओल, आणि सगळं लोखंडी चौकटीला टेकलेलं. सुटा झालेला तुकडा त्याने जिभेला लावला. खारट, दुधाळ.

त्याने मान वळवली. दारात आजी पळी घेऊन उभी होती.

सकाळच्या मीठ घातलेल्या दुधाळ चहाची पहिली पळी आकाशाला उडवायची, हे त्याच्याही घरी रोज व्हायचं. म्हणूनच त्याला ते दिसलं नव्हतं.

"आजी, यावरही शिंपडता?"

"मग? आकाशाला द्यायचं आणि आकाशातलं ऊन घरात आणून देणाऱ्या या काचेला उपाशी ठेवायचं? हिच्या जिवावर म्हातारा जगतोय."

'उद्यापासून बंद करा' हे वाक्य गोम्बोच्या ओठांवर आलेलं होतं. ते त्याने गिळलं. यंत्र ज्याला गळती म्हणत होतं, तो रोजचा नैवेद्य होता.

"द्या की," तो हळूच म्हणाला. "फक्त हिला मीठ चालत नाही."

"म्हणजे हिलाही पथ्य!"

"मला साखर बंद, तिला मीठ," आतून आजोबा म्हणाले. "एका ताटात जेवू आम्ही."

गोम्बोने नवा जोड बसवला, पॅनेलाच्या पाठीशी उंच बांधला आणि आणखी एक रात्र राहिला. सकाळी आजीने मीठ घालण्याआधीच एक पळी बाजूला काढली. काचेवरून थेंब ओघळले, ऊन चढलं. तिघंही खटक्यासमोर बसून राहिले, जणू तो आता प्रवचन देणार. नऊ वाजले. दहा वाजले. खटका उभाच. फ्रिज घुमत होता.

आजोबांनी कुपी काढून मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"गार आहे," ते म्हणाले.