घरात एकही रिमोट नव्हता

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि दर वेळी माझ्या मनात तेच येतं — अरे बाबा, अर्थिंग तपासलं का? वायरिंग पाहिलं का? भूतबाधा, भास, आत्मा वगैरे मी कधी मानलं नाही. आज मानतो का, असं विचाराल तर... तेही मला नीट सांगता येणार नाही. जे झालं ते ओळीने लिहितो.

पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, होम थिएटर बसवून देतो. त्यातही माझं आवडीचं काम म्हणजे युनिव्हर्सल रिमोट. घरात होम थिएटर आलं की टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, अ‍ॅम्पचा तिसरा, सीडी प्लेयरचा चौथा असे रिमोट जमा होतात आणि घरच्या बाईमाणसांना एकही धड वापरता येत नाही. मी त्या चारही रिमोटचं काम एका रिमोटात घालून देतो. जुना रिमोट नव्याच्या नाकाला नाक लावून धरायचा, एकेक बटण दाबायचं. नवा ते शिकून घेतो. मग एका बटणावर पाच-सहा कमांड ओळीने बसवायच्या, मधे गरजेपुरते सेकंद सोडून. याला मॅक्रो म्हणतात. बटण एकदा दाबलं की बाकीचं रिमोट स्वतः करतो.

सौंसरच्या घागरे सरांना असाच रिमोट मी दोन वर्षांपूर्वी करून दिला होता. सर गणिताचे शिक्षक, रिटायर झालेले. चार वाजता चहा आणि चहाबरोबर बासरीची सीडी, हा त्यांचा रोजचा नेम. पहिल्या बटणावर मी त्यांना मॅक्रो बसवून दिला — अ‍ॅम्प ऑन, चार सेकंद थांबणे, इनपुट सीडीवर, मग प्ले. आवाजही त्यातच टाकू का, असं मी विचारलं होतं.

"नको," सर म्हणाले. "आवाज माणसानं कानाला विचारून ठेवावा. तो मी हातानंच करीन."

मागच्या थंडीत सर गेले. हार्टचं निमित्त झालं. मी तेरवीला जाऊन आलो.

मग उन्हाळ्यात एक दिवस त्यांच्या मुलाचा, निशांतचा, पुण्याहून फोन आला.

"मनोजभाऊ, आईचं काहीतरी वेगळंच सुरू आहे. म्हणते, रोज चारच्या सुमारास बाबांचा सेट आपोआप सुरू होतो."

"रिमोट कुठंतरी दाबला जात असेल," मी म्हटलं.

"मलाही तेच वाटलं. म्हणून मागच्या वेळी आलो तेव्हा घरातले सगळे रिमोट बॅगेत घालून पुण्यालाच घेऊन आलो. तुम्ही केलेला तोही. तरी तिचं तेच. म्हणजे तीच जाऊन बटण दाबून राहिली असेल आणि विसरत असेल. जूनमध्ये मी तिला इकडे आणतो, डॉक्टरलाही दाखवतो. तुम्ही एकदा सेट पाहून या आणि तिच्यासमोर सांगा की काही बिघाड नाही. तुमचं ऐकेल ती."

शनिवारी जेवण करून मोटरसायकलवर निघालो. तीनच्या आधी सौंसरला पोहोचलो. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी पिशवीतून टेस्टर काढायच्या आधीच म्हणाल्या, "निशूनं पाठवलं ना तुमाले? त्याले वाटते मी इसरून राहिली."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

"मले भीती नाही वाटत, भाऊ," काकू म्हणाल्या. "पन मी खोटी नाही. तुमी फक्त चार वाजेपर्यंत बसा. जे दिसन ते त्याले सांगा. नाही दिसलं, तर नाही दिसलं म्हनून सांगा. मंग मी मुकाट्यानं बॅग भरते. पुण्याले चौदाव्या माळ्यावर बसून मी काय करू, ते मंग पाहू."

त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. डोकं फिरलेल्या माणसासारखं त्यात काही नव्हतं.

हॉलमध्ये लाकडी कपाटात अ‍ॅम्प आणि सीडी प्लेयर, दोन बाजूंना स्पीकर. समोर आठ-नऊ फुटांवर सरांची वेताची खुर्ची, लाकडी हातांची. मी कामाला लागलो. अ‍ॅम्पमध्ये टायमर नाहीच, हे मला आधीपासून माहीत होतं. आतून उघडून पाहिलं — सोल्डर ठीक, पॉवर सप्लाय ठीक. ट्यूबलाइटच्या चोकमुळे कधीकधी रिमोटचा उजेड टिपणाऱ्या सेन्सरला चुकीचा सिग्नल जातो, म्हणून ट्यूबलाइट बंद केली. उन्हानेही गडबड होते, म्हणून पश्चिमेची खिडकी लावली आणि पडदा ओढला. शेजारच्या घरातला रिमोट असण्याचा प्रश्न नव्हता. रिमोटचा उजेड टॉर्चच्या उजेडासारखाच असतो, भिंतीतून जात नाही. काही मोबाइल रिमोटचं काम करतात, पण काकूंचा साधा बटणांचा फोन, आणि माझ्या फोनमध्ये ती सोय नाही. सगळ्या खोल्या, खण, दिवाणाखालीसुद्धा पाहून घेतलं. घरात एकही रिमोट नव्हता.

चार वाजले. काकू स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. मी कपाटासमोर स्टूल घेऊन बसलो होतो.

दोनेक मिनिटं गेली असतील. अ‍ॅम्पच्या सेन्सरशेजारी एक बारीक लाल दिवा आहे, कमांड मिळाली की तो लुकलुकतो. तो लुकलुकला. आत रिलेचा स्विच 'टक' वाजला, डिस्प्ले उजळला. चार सेकंद... इनपुट सीडीवर गेलं. प्लेयर फिरायला लागला आणि बासरी सुरू झाली.

इथपर्यंत मला वाटलं, माझाच मॅक्रो आहे, कुठूनतरी येतोय. पण मग आवाजाचा आकडा हलला. हा अ‍ॅम्प दर वेळी सतरावर सुरू होतो. अठरा... एकोणीस. जरा थांबून वीस, एकवीस. आणि मग एक खाली, वीस.

हे मॅक्रोत नव्हतं. शिवाय मॅक्रो कसा जातो ते मला ठाऊक आहे, घड्याळासारखा, सारख्या अंतराने. हे कमी-जास्त अंतराने होतं. थांबून, ऐकून केल्यासारखं.

काकू कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. "दोन पायऱ्या, मंग दोन, आनि मंग एक खाली," त्या म्हणाल्या. "रोज असंच करत ते."

खरं सांगू? मला भीती नाही वाटली, राग आला. वीस वर्षं या धंद्यात आहे, मला न कळता सेट चालतो म्हणजे काय? मी पॅनलवरून सेट बंद केला आणि सेन्सरच्या खिडकीवर काळी टेप दुहेरी चिकटवली. हिशोब सोपा होता. बिघाड आतला असेल तर टेप असली तरी सेट सुरू होईल. बाहेरून काही येत असेल तर होणार नाही.

दहा मिनिटं आम्ही दोघं बसून राहिलो. चहा निवला. काही झालं नाही.

"म्हणजे बाहेरून येऊन राहिलं काकू," मी म्हटलं आणि नखाने टेप सोलली. टेप पूर्ण निघायच्या आत लाल दिवा लुकलुकला. एकदा नाही, चटचट तीन-चार वेळा, मग एकदा लांब. रिमोटचा सेल उतरला की आपण कसं पुन्हा पुन्हा दाबतो, हात पुढे करून... तसं. आणि सेट सुरू झाला.

दहा मिनिटं कोणीतरी दाबत बसलं होतं, असं वाटलं मला.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिमोटच्या टोकाचा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो, फिकट जांभळा. रिमोट चालू आहे की मेला, हे आम्ही तसंच पाहतो. नव्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो उजेड बहुतेक अडतो, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरायचा. म्हणजे मला खुर्चीकडे पाठ करून उभं राहावं लागणार होतं.

मी सेट परत बंद केला. कपाटाकडे तोंड केलं, फोन वर धरला. स्क्रीनवर माझा कान, मागे स्वयंपाकघराचं दार, दारात काकू, आणि रिकामी खुर्ची.

थोडा वेळ काहीच नाही. मग खुर्चीच्या डाव्या, म्हणजे बसणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या हातावर, लाकडापासून वीतभर उंच, हवेतच एक जांभळा ठिपका लागला. ठिपक्यामागे वेताची वीण दिसत होती. त्याच क्षणी माझ्यापुढे अ‍ॅम्पमध्ये 'टक' झालं.

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. पुन्हा फोनमध्ये पाहिलं. बासरी सुरू झाली होती. ठिपका दोनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा दोनदा, मग एकदा. नंतर काही नाही.

तुम्ही विचाराल, व्हिडिओ का नाही काढला? नाही सुचलं. कॅमेरा उघडा होता, बटण अंगठ्याखाली होतं, तरी नाही सुचलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

"काय दिसलं?" काकूंनी विचारलं.

मी फोन पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"राहू द्या. मले पाहाची गरज नाही. तुमाले दिसलं ना?"

"दिसलं."

"मंग निशूले सांगा," असं म्हणून त्या चहा परत गरम करायला गेल्या.

मी बाहेर अंगणात येऊन निशांतला फोन लावला. रिंग जात होती तोवर मनात एक सोपं उत्तर तयार होतं — सेन्सर खराब होता, बदलला. त्यात माझीही इज्जत राहत होती. पण बाईने सांगितलं होतं, जे दिसेल ते सांगा. मी सांगितलं. टेप, ठिपका, सगळं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खुर्चीच्या कोणत्या हातावर?"

"डाव्या."

"हे आईनं सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगितलं?"

"बाबांचा उजवा खांदा धरला होता. शेवटचे पाच-सहा महिने हात वर होत नव्हता. रिमोट ते डाव्या हातात धरायचे."

मला हे माहीत नव्हतं. रिमोट करून दिल्यानंतर माझी-सरांची भेट झालीच नव्हती. "काकूंनी काही सांगितलं नाही," मी म्हटलं. "पाहिजे तर त्यांना विचारा." त्याने विचारलं की नाही, ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात निशांत सौंसरला आला, तीन-चार दिवस राहिला. त्या दिवसांत चार वाजता काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना तो पांढुर्ण्याला गाडीच्या आधी दुकानात आला, युनिव्हर्सल रिमोट काउंटरवर ठेवला.

"आईला वापरता येईल असा करून द्या," तो म्हणाला. "ती इथंच राहणार आहे."

मी रिमोटवर मोजकी बटणं ठेवली. सीडीचं, बातम्यांचं, आवाज वर-खाली आणि बंद. बाकीच्यांवर पट्टी लावली. सौंसरला जाऊन काकूंना शिकवलं. बटण दाबून लगेच रिमोट खाली करायचा नाही, मॅक्रो पूर्ण होईपर्यंत सेटकडे धरून ठेवायचा, एवढंच त्यांना अवघड गेलं. दोन-तीनदा चुकल्या, मग जमलं. आवाज त्यांनी सोळावर ठेवला.

चार-पाच महिन्यांनी सौंसरला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, तेव्हा डोकावलो. काकू अंगणात गाडीतून संत्र्यांच्या टोपल्या उतरवून घेत होत्या. त्यांना विचारलं, "अजून होते का तसं?"

"नाही जी," काकू म्हणाल्या. "आता मले जमते ना. मंग ते कायले उठतीन?"

नागपूरला या धंद्यातला माझा एक जुना मित्र आहे, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, उन्हाची तिरीप असेल, काचेवरून परावर्तन झालं असेल. पडदा ओढलेला होता, आणि तिरीप बासरी लावत नाही, एवढं त्यालाही कळतं. त्याने विषय बदलला. अ‍ॅम्प मी नंतर दोनदा उघडून पाहिला. त्यात मी एकही पार्ट बदललेला नाही आणि तो आजही व्यवस्थित चालतो.

कारण मला सापडलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला तांत्रिक काही सुचलं तर जरूर लिहा, मी तपासून पाहीन. दुसरं कारण लिहू नका — तेवढं मलाही सुचतं.