बादलीने खचलेलं देऊळ

मी देवळाच्या जोत्यावरून खाली उतरलो, आणि मी उभा होतो त्या जागेवर लगेच बादलीभर पाणी ओतलं गेलं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. भिवंडीत लूमचा खडखडाट वाढत होता, आणि मी एका साहेबांच्या ऑफिसात लूमच्या शेडचे, गोदामांचे नकाशे काढत होतो. मी आर्किटेक्ट. आमच्या महारवाड्यातला पहिला. कल्याण रस्त्याच्या बाजूचं आमचं गाव, तिथलंच हे देऊळ. एका कोपऱ्यात खचलेलं. ते पाडून सिमेंटचं बांधायचं ठरलं, आणि साहेबांनी मापं घ्यायला मला पाठवलं. मला केवढा आनंद! आईला ज्या जोत्याला कधी शिवू दिलं नाही, त्यावर मी मापाचा टेप घेऊन चढणार होतो.

चढलो. देवस्थानचे अध्यक्ष पान चघळत आले. मला निरखून बघत म्हणाले, "तू पारूचा पोर ना रं?"

"हो."

"मंग खाली हो. तुझी आय उभी ऱ्हायची त्या कोपऱ्यात जाऊन उभा ऱ्हा. आतली मापं आमचा मानूस घेल."

शिवाशिव-बंदीचा कायदा होऊन किती वर्षं झाली होती! पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि मी? मी मुकाट उतरलो. जीभ टाळूला चिकटली होती.

तो कोपरा मला ठाऊक होता. आमची माणसं तिथूनच हात जोडायची, खाली, जोत्याला अंग न लागू देता. ती निघाली की त्या जागेवर पाणी ओतायचं, ही गावाची रीत. लहानपणी आईचं बोट धरून मीही तिथे उभा राहिलोय. पाठीमागे पाण्याचा आवाज आला की ती म्हणायची, "वळून बघू नको." बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमचं तिथे जाणं सुटलं.

त्या दिवशी मी वळून बघितलं. बादलीचं पाणी जोत्यावरून ओघळत खाली आलं आणि त्याच खचलेल्या कोपऱ्यात, दगडांच्या सांध्यात गडप झालं. मी खाली बसलो. सांध्यात बोट घातलं, अख्खं आत गेलं. आत चुना उरलाच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पाठीमागे ओतलेल्या पाण्याने तो धुऊन नेला होता, पायाखालची मातीसुद्धा नेली होती.

आता जीभ सुटली.

"अध्यक्ष, देऊळ आमच्या विटाळाने नाही खचलं. तुमच्या बादल्यांनी खचलं."

"चल, नीघ इथून!"

निघालो. भिवंडीत साहेब चिडलेले. म्हणाले, "गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? माफी माग आणि नकाशाला लाग."

माफी मागितली नाही. नकाशाही काढला नाही. नोकरी सोडली. दुसऱ्या कुणीतरी तो काढला आणि देऊळ पाडलं. कोपऱ्याचे दगड भरावाला गेले. आता तिथे चकचकीत लाद्या आहेत.

मला वाटलं, तो कोपरा गेला म्हणून आईला बरं वाटेल. ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "आता कोनाला दाखवशील, मी कुठं उभी ऱ्हायचे ते? उद्या म्हनतील, असं काय नव्हतंच."

मी रडलो. आईसमोर, मोठा बाप्या असून.

त्यानंतर शेडचे नकाशे सुटले ते सुटलेच. चुना मळायला शिकलो, जुने दगड न हलवता सांधायला शिकलो. आज जुनी देवळं, जुन्या विहिरी दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. लोकांना वाटतं, याचं जुन्या कलेवर भारी प्रेम. असेलही. कोरीव खांब दाखवतात, हा जपा म्हणतात. जपतो.

पण कामाला हात लावायच्या आधी मी विचारतो, आमची माणसं कुठे उभी राहायची? ती जागा दाखवा. तिथला एकही दगड मी कुणाला हलवू देणार नाही.