मागे सरताना

मुलीकडे कॅनडात आलो की शनिवारी सकाळी नातीचा खेळ बघायला जातो. रिंगेट म्हणतात त्याला. बर्फावर मुली सरळ काठीनं रबराची रिंग पळवतात आणि जाळ्यात मारतात. आमची इरा बचावाला असते. समोरची मुलगी रिंग घेऊन चाल करून आली, की इरा तिच्याकडे तोंड ठेवून उलटी मागे घसरत जाते. धक्का मारायचा नसतो. मध्ये राहायचं आणि तिला हळूहळू कडेला न्यायचं, एवढंच.

"सगळं लक्ष रिंगवर ठेवत असशील ना?" मी एकदा विचारलं.

"छे, आजोबा! रिंगकडे बघितलं की फसलेच. तिच्याकडे बघायचं."

माझ्या बायकोच्या, सुमनच्या, आजारपणात मी रिपोर्ट बघत होतो. ती पलंगावरून म्हणायची, "अहो, जरा बसा ना इथे." मी म्हणायचो, "हे एवढं बघतो आणि आलोच." माणूस किती झटतोय, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. ती गेली तेव्हा फाईल माझ्या हातात होती.

आज शेवटी गोल झालाच. इरा मागे सरत सरत पार जाळ्यापर्यंत आली होती, पण समोरच्या मुलीवरून तिची नजर हटली नव्हती.

हरून ती बाहेर आली. मी सवयीनं तिची जड बॅग उचलायला वाकलो. मग बॅग तिथेच राहू दिली आणि आधी तिच्या तोंडाकडे बघितलं.