अकरा बायांचा मॉब

चांगुणाबाईनं उभ्या जन्मात खडी फोडली, तुरी कापल्या, तीन लेकरं शिकवली. पण कुणाची अरेरावी ऐकून घेतली असेल तर शपथ! सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत. राहायला नौबादला, लेकाजवळ.

गेल्या डिसेंबरात तिच्या सासरच्या गावी पंचायतीनं एके काळी वस्तीला बंद असलेल्या जुन्या विहिरीला कठडा बांधला आणि तिथं इतिहासाचा फलक लावायचं ठरवलं. मजकूर लिहायला मेंबर ईरण्णा. त्याला कुठूनसं एकाहत्तर सालच्या इंग्रजी पेपरचं कात्रण सापडलं. त्यावरून त्यानं लिहिलं, 'वस्तीतल्या मॉबनं विहिरीवर हल्ला केला.' चांगुणाबाईची नात मंगल कडगंचीच्या विद्यापीठात इतिहास शिकते. तिनं तो कागद आजीला वाचून दाखवला.

"मॉब म्हंजी काय गं?"

"दंगा करायला आलेली टोळी, आजी."

"अगं बाई! आमी अकरा बाया हुतो. डोईवर घागरी. पाणी भरायला गेल्तो, का दंगा करायला?"

म्हातारी ताडकन उठून उभी राहिली. रागानं, दुसरं काय! त्यातल्या दहा जणी आता मातीआड. मेल्यावरही त्यांच्या माथी दंगा मारणार, अन् तोही विहिरीच्या काठावर? हे तिला जन्मात सोसलं नसतं.

मंगलनं आठ दिवस लायब्ररीत बसून त्या पेपरचे वर्षभराचे अंक चाळले. जत्रेत चेंगराचेंगरी झाली, तिथं 'क्राउड', म्हणजे नुसती गर्दी. जमीनदाराच्या वरातीतल्या लोकांनी दुकान फोडलं, तिथंही 'क्राउड'च. अन् 'मॉब' कोण? संपावरचे गिरणी कामगार, रेशनसाठी ओरडणाऱ्या बाया, आणि गावकुसाबाहेरची माणसं. वा रे न्याय!

"हे मेंबरला दाखवू, आजी."

"दाखव की. पर मी बी दाखवते."

लेकीला लग्नात घागर देताना तिच्यावर लेकीचं नाव घालायची रीत. चांगुणाबाई त्या दहा जणींची घरं फिरली. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या चुलीमागून, पोचे आलेल्या दहा घागरी मागून आणल्या आणि टेम्पोत घालून थेट पंचायतीत मांडल्या.

ईरण्णा आधी अडून बसला. मंगलचे कागद त्यानं वरवर पाहिले न् बाजूला सारले.

"छापलंय ते छापलंय, अक्का. तुमच्याकडं पुरावा काय हाय?"

"ह्यो काय समोर मांडलाय. वाच की!"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? ईरण्णा एकेक घागर फिरवून नावं वाचू लागला. केराबाई. मुक्ता. शेवंता. धोंडाबाई. वाचता वाचता दहा झाली.

"अन् अकरावी?"

"माझी व्हय? ती हिरीत हाय," चांगुणाबाई म्हणाली. "तुझ्या चुलत्यानं डोईवरली हिसकून टाकली. त्यो अन् त्याचे चाळीस गडी काठ्या घिऊन उभे हुते, बाबा. त्यायला कामून कुणी मॉब म्हटलं न्हाई?"

 ईरण्णानं फलकाच्या मजकुराचा कागद पुढ्यात ओढला. मग त्यानं खिशातलं पेन काढलं, ती 'मॉब'ची ओळच खोडली आणि खाली ओळीनं दहा नावं उतरवली.

"अक्का, तुमच्या घागरीवर काय नाव हुतं?"

"चांगुणा," ती म्हणाली. "लिही. मोठ्या अक्षरात लिही."