पाठीमागे आलेले गादे

समुद्राबद्दल नागपूरच्या माणसाने शहाणपणा शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. ते आईमुळे झालेलं आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, कोकणातल्या एका बंदराच्या गावी दिलेलं होतं. मेहुणे तिथल्या कोर्टात कारकून. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, पण दोन वर्षांत ताईने तो पाहिला होता तो फक्त बोटीतून उतरताना. सुनेने किनाऱ्यावर कशाला जायचं? भांडी घासायला येणारी बाई मात्र तिला सांगायची की सकाळी खाडीच्या तोंडाशी गादे येतात, लेकरांना घेऊन. डॉल्फिनला तिकडे गादा म्हणतात. ताईला सातवा लागला आणि तिचं पत्र नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आलं: ‘आई, मले खायले काही नको. मले गादे पाहायचे आहेत.’

बाबा हसले. आई हसली नाही. आदल्या खेपेला ताईला संत्री खावीशी वाटली होती. आईने पेटी पाठवली, ती वाटेतच सडली, आणि पुढच्याच आठवड्यात सगळं संपल्याचं पत्र आलं. डोहाळा अपुरा राहिला म्हणून ते झालं, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते कोणाच्या बापाला काढता आलं नसतं.

“नावेतलं डोहाळजेवण करू,” आई म्हणाली. “ओटीही भरली जाईल आन् तिले गादेही दिसतील.”

नावेतल्या डोहाळजेवणात आईचा हातखंडा होता. नागपूरच्या ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावावर तिने आळीतल्या तिघींची केली होती. नाव काठाला बांधायची, पूर्वेकडे तोंड करून पोरीला बसवायची, पाच सवाष्णींनी ओटी भरायची, मग तलावात एक फेरी मारून आणायची. तलाव बिचारा दिवसभर जागच्या जागी असायचा.

रजा मिळेना म्हणून बाबा राहिले. आई, मामा आणि मी आगगाडीने मुंबईला आणि तिथून बोटीने निघालो. मी चौदा वर्षांची होते. बोटीत मला इतक्या ओकाऱ्या झाल्या की गादे कसले, मला स्वतःचे पायही दिसत नव्हते. ताईच्या सासूबाईंनी पोटुशा सुनेला होडीत बसवायला आधी साफ नकार दिला. आईने दोन दिवस त्यांची मनधरणी केली. शेवटी त्या म्हणाल्या, “एकदाच. आणि खाडीच्या तोंडाच्या पुढे नाही.”

सकाळी आठला होडी काठाला लागली. हिरवं लुगडं, फुलांची वाडी, केळीचे खुंट. थाट अगदी शुक्रवारी तलावासारखा. ताई इतकी खुशीत होती की चालताना माझा हात दाबत होती. होडीवाला म्हातारा म्हणाला, “आधी जाऊन येऊया बाय. ओटी मागून भरा. पाणी उतरायला लागलंय.”

“आधी ओटी, मग फेरी,” आई म्हणाली. “थांब गा थोडा. पाणी कुठं पळून चाललं?”

आईने ताईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. कोकणात पूर्वेला काय असतं? नारळाची झाडं, कोणाचं तरी परसू आणि गावची माणसं. समुद्र सगळाच्या सगळा तिच्या पाठीशी. मी आईच्या कानाशी लागून म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्यालाच जागा बदलायला सांगितली होती.

एकेक सवाष्ण पाणी तुडवत यायची, होडीत चढायची, ओटी भरायची, उखाणा घ्यायची. कोकणातल्या बायकांचे उखाणे ऐकून आईला चेव आला. त्यांनी दोन ओळींचा घेतला की हिने सहा ओळींचा सांगायचा. म्हातारा दर वेळी पाण्याकडे बघायचा.

चौथी ओटी चालली होती. मी ताईसमोर हळदीकुंकवाचं ताट धरून उभी होते. तिच्या डोक्यावरून मला पाण्यात काळसर पाठ वर आलेली दिसली, तिच्या मागे दुसरी. फुस्स असा आवाज आला.

“गादे! ताई, मागं पाह्य, गादे!”

सगळ्या बायका उभ्या राहिल्या. ताईच्या पदरात तांदूळ, नारळ, खण. दोन्ही हातांनी ओंजळ धरलेली. ती वळायला लागली आणि आईने तिच्या गालाला हात लावून तोंड पुन्हा सरळ केलं.

“हलू नको वं. ओटी सांडंल. एकच राहिली.”

“आई, जाऊन राहिले ते!” मी ओरडले.

“तू काहून बोंबलून राहिली? आता जातोच आहे ना आपण त्यांच्याकडं!”

पाचवी झाली. पदराला गाठ मारली. म्हाताऱ्याने वल्हं टेकवून जोर लावला. होडी हलली नाही. खाली चिखल होता आणि भोवती घोट्याइतकं पाणी. खाडीच्या तोंडाशी आता काहीच नव्हतं. ताई तेव्हा वळली. बराच वेळ बघत बसली. चिखलावर इवलेसे मासे उड्या मारत होते, बिळांतून खेकडे डोकावत होते. फुलांनी मढलेली माझी बहीण खेकड्यांकडे बघत होती, आणि मला आईला त्या चिखलात ढकलून द्यावंसं वाटत होतं.

सासूबाईंचं ‘एकदाच’ झालं होतं. दोन दिवसांनी बोटीने आम्ही ताईला घेऊन नागपूरला निघालो.

मुलगी झाली, सुखरूप. बाळंतपण आटोपलं तशी मेहुण्यांची घाटावर बदली झाली आणि ताईचा समुद्र कायमचा सुटला. आई महालभर सांगत सुटली, “गादे स्वतः ओटीले आले माझ्या पोरीच्या!” ताई शेजारी बसून मान हलवायची. मला संताप यायचा.

आई गेल्यावर, तेराव्याची पाहुणेमंडळी परतली तेव्हा मी ताईला विचारलंच. “तू वळली काहून नाही? सांडली असती ओटी तर सांडली असती.”

“अन् मग पोरीले साधी सर्दी जरी झाली असती ना, तरी आईनं जन्मभर स्वतःले दोष दिला असता,” ती म्हणाली. मग माझ्याकडे सरकून बसली. “पण तू तं पाहिले. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. सांग ना, कसे होते? लेकरू होतं का संगं?”

मी तोंड उघडलं. दोन पाठी, एक फुस्स. त्यापुढचं काहीच आठवेना, कारण त्यानंतर मी पाण्याकडे पाहिलंच नव्हतं. ताईच्या गालावरच्या आईच्या हाताकडे बघत मी नुसती चिडत उभी होते.

“होतं,” मी म्हणाले. “अगदी आईला चिकटून होतं.”