मंदाताईने मागितलेला पाऊस

माझी मोठी बहीण मंदाकिनी घाबरट आहे, हे मी तिच्या तोंडावरही म्हणते. ठाकुर्लीच्या तिच्या घरून पाहुणा निघाला, की तो रिक्षात बसेपर्यंत ही गॅलरीतून हलत नाही. आणि काळजी हाताबाहेर गेली की देव पाण्यात. हे बोलण्यापुरतं नाही हं. देवघरातले गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण खरोखर उचलायचे, पितळी पातेल्यात पाण्यात ठेवायचे आणि काम होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, ही आमच्या आईची रीत. ताईने ती जरा जास्तच मनावर घेतली. तिची लेक उर्वी, तिची बारावी, मग तिचा व्हिसा, मग तिचं बाळंतपण. मी चिडवायचे, ताई, तुझ्या देवांना एक दिवस न्यूमोनिया होणार.

मधुभावोजी अगदी उलटे. जन्मभर ऑफिसात फायली सरकवल्या, पण जीव सगळा डोंगरात. मुरबाडच्या पुढे एक सुळका आहे, सरळ उभा, दोर लावूनच चढावा लागतो. तो चढायचं त्यांच्या कधीपासून मनात होतं. एकदा ठरलं तर कोरोना आला, एकदा त्यांची आई अंथरुणाला खिळली, मग त्यांचीच अँजिओप्लास्टी झाली. या डिसेंबरात डॉक्टर हो म्हणाले आणि मानपाड्याच्या प्रफुल्लने त्याच्या चढाईच्या ग्रुपमध्ये त्यांचं नाव घेतलं. जानेवारीत भावोजींना पासष्ट पूर्ण होणार, आणि त्यानंतर दोरावर घ्यायचं नाही हा ग्रुपचा नियम. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

त्या आठवड्यात भर थंडीत आभाळ भरून आलं. भावोजी जेवतानाही मोबाइलवर हवामान बघत होते. गुरुवारी पाऊस लागलाच. ओल्या खडकावर चढाई होत नाही. प्रफुल्ल म्हणाला, "काका, शनिवारी बघू. खडक सुकला तर निघू, नाहीतर कॅन्सल."

मी ठाण्याहून ताईला फोन केला. म्हटलं, बिचारे भावोजी, काय नशीब एकेकाचं. ती म्हणाली, "उत्तरा, हा पाऊस मी मागितलाय."

मला हसू आलं. "मग हवामान खात्यात नोकरी बघ तू."

"हसू नकोस गं. मंगळवारी देव पाण्यात घातले. म्हटलं, असा पाऊस पाड की यांचं जाणंच रद्द होईल. यांना तोंडावर जाऊ नका म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून देवाला मध्ये घातलं. आज पाऊस आला तर मला इतका आनंद झाला की मी भजी तळली. यांनी एक खाल्लं, छान झालीत म्हणाले, आणि डोंगराचे बूट पुसत बसले. जायचंच नाही तर बूट कशाला पुसतात गं?" आणि रडायलाच लागली.

मग मलाही हसवेना. म्हटलं, "आधी देव बाहेर काढ." तिने काढले, पुसले, जागेवर बसवले. हात जोडून म्हणाली, माझं चुकलं, आता थांबव.

शुक्रवारी पाऊस थांबला. मी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही, ढग सरकले असतील. शनिवारी तर चटके बसावेत असं ऊन पडलं. ताईने आपणहून भावोजींची सॅक काढली, वाटेत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या. तेवढ्यात तिला प्रफुल्लचा फोन आला.

"काकू, खडक सुकलाय, आम्ही निघतोय. काकांचा गुडघा कसाय? सकाळी म्हणाले खूप दुखतोय, नाही जमणार."

गुडघ्याला काडीचं काही झालेलं नव्हतं. ताईने विचारलं तेव्हा भावोजी म्हणाले, "अगं, गुरुवारी फुलं ठेवायला गेलो तर देवघर रिकामं. एवढी घाबरलीस आणि एका शब्दाने बोलली नाहीस? तू इथे जीव मुठीत धरून बसणार आणि मी तिथे चढून कसलं सुख घेणार? राहू दे. पुष्कळ हिंडलोय मी."

"अहो, जा हो तुम्ही. मला काही होत नाही. त्याला परत फोन करा," ताई म्हणाली. ते हसले आणि त्यांनी टीव्ही लावला.

रविवारी मी ठाकुर्लीला गेले. भावोजी गॅलरीत पेपर वाचत होते. ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"त्यांना वाटतंय, ते सुखरूप परत यावेत म्हणून मी देव बुडवले. कालपासून इतके प्रेमाने वागतायत माझ्याशी. सकाळचा चहासुद्धा त्यांनीच केला. मी काय मागितलं ते कुठल्या तोंडाने सांगू?"

"सांगून टाक," मी म्हटलं. "मोकळी होशील."

"मी मोकळी होईन. त्यांना सुळका मिळणारे का परत?"

बाहेरून भावोजींनी हाक मारली, "मंदा, ये गं इकडे. काय सुरेख ऊन पडलंय बघ."

ताई ओट्याला धरून तशीच उभी राहिली.